प्रकाशनाआधीचे आठवडे आपले आहेत

भाईंदर स्टेशनबाहेरचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान, मीरा रोडच्या सोसायटीचं ऑफिस, उत्तन किंवा राई-मुर्ध्याची शाळा, बचत गटाच्या ताईंचा लॅपटॉप. रोज इथे मराठी मजकूर टाइप होतो. सर्वसाधारण सभेची नोटीस, पाणी बंद असल्याची सूचना, दाखल्याचा अर्ज, सभासदांची यादी. यातलं काही काम लिब्रेऑफिस, फायरफॉक्स अशा मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. ते फुकट मिळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी त्यातली मराठी कोण तपासतं, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. तो प्रश्न मला आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे, आणि ते काम मीरा-भाईंदरकरांनी अंगावर घ्यावं अशी विनंतीही करायची आहे.

लिब्रेऑफिसचंच उदाहरण घेऊ. २८ सप्टेंबर २०१० रोजी ते ओपनऑफिसपासून वेगळं झालं. जर्मनीतली द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था त्याचा कारभार पाहते. कोड लिहिणाऱ्यांपैकी काही जण कंपन्यांच्या पगारावर असतात, पण भाषांतर, चाचणी आणि तक्रारींची छाननी यांचा मोठा भार स्वयंसेवकांवर पडतो. दरवर्षी साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये मोठी आवृत्ती येते. तिच्या आधीच्या आठवड्यांत बीटा, म्हणजे चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती, सगळ्यांसाठी खुली होते. मग एकामागून एक ‘रिलीज कॅन्डिडेट’ येतात, म्हणजे ‘दोष सापडला नाही तर हीच पक्की’ अशा आवृत्त्या. त्या कोणीही उतरवून घेऊ शकतो. नाव नोंदवावं लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. त्या आठवड्यांत मराठीबद्दल कोणी काहीच बोललं नाही, तर मराठी ठीक आहे असं धरून आवृत्ती पुढे जाते. दुसरं करणार तरी काय? दूरदेशी बसलेल्या, मराठीचं एक अक्षरही न वाचणाऱ्या प्रोग्रामरला तुमच्या नोटिशीत बिघडलेला रफार कसा दिसणार?

तक्रार आली नाही म्हणजे कोणीतरी तपासलं होतं, अशी आपली सहज समजूत होते. ती धोक्याची आहे. इंटरनेटवरचा व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये २०११ च्या शेवटच्या दिवशी एक सदोष बदल स्वीकारला गेला आणि मार्च २०१२ च्या आवृत्तीतून तो जगभर पसरला. तो दोष ‘हार्टब्लीड’ या नावाने एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. दोन वर्षं जगातले असंख्य सर्व्हर तो कोड वापरत होते आणि कोड सगळ्यांना वाचायला खुला होता. तरीही प्रत्येकाला वाटत राहिलं की दुसऱ्या कोणीतरी नीट पाहिलं असेल.

याच्या उलट बाजूची घटना २९ मार्च २०२४ ची आहे. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवला होता. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या कच्च्या आवृत्तीवर दूरच्या मशिनमध्ये लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्यांनी ते ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिलं नाही. मुळापर्यंत खणत गेले आणि चोरदरवाजा उघड केला. तो तोवर डेबियन आणि फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांच्या कच्च्या आवृत्त्यांत पोचला होता. बँका, रुग्णालयं, सरकारी कार्यालयं वापरतात त्या डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत नव्हता. कोणीतरी कच्ची आवृत्ती रोजच्या कामाला वापरत होतं, म्हणून तो वेळेत सापडला. बीटा वापरणाऱ्या माणसाची किंमत यावरून कळावी.

आपल्या लिपीचंही उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये एक तेलुगू जोडाक्षर पाठवलं की आयफोनमधली ॲप बंद पडत होती. नंतर लक्षात आलं की बंगाली आणि देवनागरीतल्या काही अक्षररचनांनीही तेच होतं. काही दिवसांत दुरुस्ती आली. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीच्या चाचणीतून जे सुटलं, ते स्वयंसेवकांच्या प्रकल्पातून सुटणार नाही असं कसं मानायचं?

तर मराठीत तपासायचं काय? ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द टाइप करा. एक उत्तनच्या कोळ्यांचा, दुसरा सह्याद्रीचा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ लिहून पाहा. एक गुरुजींना, दुसरा स्वयंपाक्याला. रफार आणि आडवा र यांतला हा फरक पडद्यावर दिसतो का, ठळक अक्षरांत टिकतो का, छापल्यावर टिकतो का, फाइल बंद करून पुन्हा उघडल्यावर टिकतो का? हिंदीला या आडव्या र ची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदीभाषक स्वयंसेवकाने देवनागरी तपासली म्हणून मराठी तपासून झाली, असं मानता येत नाही.

त्याहून फसवी गोष्ट शोधाची. आडवा र दोन वेगळ्या प्रकारे साठवला जाऊ शकतो. ‘ॲ’चंही तसंच. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवून तो काढत, आणि आजही काही जण तसाच काढतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. सोसायटीच्या यादीत ‘ॲड.’ शोधल्यावर निम्मेच वकील सापडले, तर दोष यादी करणाऱ्याचा नसतो. हे कोणीतरी नमुन्यासह नोंदवलं पाहिजे.

नावांची यादी अकारविल्हे लावून पाहा. आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. संगणकाने केवळ आतल्या क्रमांकांवरून क्रम लावला, तर क्षीरसागर ‘क’च्या घरात जाऊन बसतात आणि ‘ळ’ थेट ‘ल’च्या मागे येतो. मोठी रक्कम लिहा. स्वल्पविराम १,००,००० असा लाखावर पडतो की १००,००० असा? नोटिशीची पीडीएफ करा, तिच्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवा आणि ऱ्हस्व वेलांट्या जागेवर आहेत का ते बघा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का, हेही पाहा. चांगल्या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी वळणं भरलेली असू शकतात, पण हा मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगितलं तरच ती उमटतात. काहींना हा लाड वाटतो. मला वाटत नाही. पहिलीतल्या मुलाला वहीत जो ‘ल’ गिरवायला लावतो, तोच त्याला पडद्यावर दिसला पाहिजे.

या कामाला आपलं शहर फार चांगलं आहे. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती, आणि मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू वाचणारी घरं इथे एकाच रस्त्यावर राहतात. मराठी नोटिशीत मधेच एक उर्दू ओळ टाकली, तर उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ नीट बसते का? हे तपासायला इथे शेजारच्या दारावरची बेल वाजवली की झालं. शिवाय इथे महागड्या मशिनांबरोबर सहा-सात वर्षं जुने लॅपटॉप आणि जागा भरत आलेले स्वस्त फोनही आहेत. प्रोग्रामरकडे बहुधा चांगलं यंत्र असतं. ॲप कुठे अडखळतं ते जुन्या फोनवरच कळतं.

एकट्याने चाचणी करता येते, पण थकवाही येतो. पाच-सहा जण एकत्र या. त्यांतल्या एकाने समन्वय पाहावा. त्याला प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. निवृत्त हेडक्लार्क, सोसायटीचे सेक्रेटरी, दहावीच्या मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिका हे काम उत्तम करतील, कारण नोंद ठेवणं आणि माणसं न दुखावता पाठपुरावा करणं त्यांना जमतं. समन्वयकाने एक साधा तक्ता करायचा. काय तपासायचं, कोण तपासणार, कोणत्या मशिनवर, नेमक्या कोणत्या आवृत्तीवर आणि निकाल काय. निकालाच्या रकान्यात तीनच उत्तरं ठेवा: चाललं, बिघडलं, तपासलं नाही. तिसरं उत्तर लिहायला कोणालाही लाज वाटता कामा नये. रिकामा रकाना पुढे जाऊन ‘चाललं’ असाच वाचला जातो, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. ‘छपाई तपासलेली नाही, प्रिंटर बंद होता’ एवढं वाक्य प्रकल्पाच्या मोठ्या उपयोगाचं आहे. मग दुसरा कोणीतरी छपाई पाहतो.

सगळं तपासायच्या मागे लागू नका. आधी रोजचे, लोकांचं नुकसान करू शकणारे मार्ग घ्या: फाइल उघडणं, लिहिणं, जतन करणं, पुन्हा उघडणं, छापणं, दुसऱ्याला पाठवणं. मग या आवृत्तीत जे बदललंय ते. मग मागच्या वेळी जे बिघडलं होतं ते, कारण दुरुस्त झालेला दोष पुढच्या आवृत्तीत पुन्हा डोकं वर काढतो, हे जुन्या चाचणीकारांना चांगलं माहीत असतं. बाकीचं वेळ उरला तर.

तक्रार लिहायचीही रीत आहे. ‘मराठी नीट दिसत नाही’ या वाक्याने कोणालाच काही करता येत नाही. आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टीम, फॉन्टचं नाव, कोणत्या क्रमाने काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि मागच्या आवृत्तीत ते चालत होतं का, हे लिहा. सोबत चित्र आणि दोन ओळींची नमुना फाइल जोडा. तक्रारी बहुधा इंग्रजीत लिहाव्या लागतात. त्यामुळे गटात लिहिणारा एक जण ठेवा. आजोबा मराठीत सांगतील, कॉलेजात जाणारी नात इंग्रजीत उतरवेल. भाषा साधी असली तरी चालते, पायऱ्या नेमक्या हव्यात.

प्रकाशनाच्या तयारीचा दुसरा भाग म्हणजे थांबणं. उत्तन, पाली, चौक इथल्या कोळीवाड्यांत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. जाळी विणून होतात, इंजिन उघडलं जातं, फळ्यांच्या फटी भरल्या जातात. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये असाच एक काळ असतो, त्याला ‘फ्रीझ’ म्हणतात. त्या काळात नवी सोय घ्यायची नाही, फक्त दुरुस्ती करायची. डेबियनच्या १३ व्या आवृत्तीचा फ्रीझ मार्च २०२५ मध्ये सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने कडक होत गेला. आवृत्ती आली ९ ऑगस्टला, राखी पौर्णिमेच्या दिवशी. इतके महिने कशाला, असं बाहेरच्याला वाटेल. पण रोज नवं काही येत राहिलं, तर काल तपासलेल्या गोष्टीला आज अर्थ उरत नाही.

आपल्या शहरात कॉलेजची मुलं स्वतःची छोटी ॲप करतात आणि गिटहब या संकेतस्थळावर खुली ठेवतात, त्यांना माझं खास सांगणं आहे. प्रकाशनाआधी निदान दोन आठवडे नवं काही घेऊ नका. ‘एवढं एकच बटण’ म्हणून शेवटच्या रात्री जोडलेली गोष्ट कोणीही तपासलेली नसते, आणि तीच बिघडते.

मग आवृत्ती सोडायची की नाही, याचा निर्णय. फेडोरा लिनक्सकडून हे शिकण्यासारखं आहे. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं भारतीय भाषांच्या सोयींवर काम केलं ते फेडोराच्याच घरात, आणि भाषांच्या चाचणीसाठी तिथे खास दिवस ठेवले जातात. आवृत्ती केव्हा तयार म्हणायची याचे निकष तिथे आधीच लिहून ठेवलेले असतात. प्रकाशनाच्या तोंडावर ‘गो/नो-गो’ बैठक होते, सगळ्यांना पाहता येईल अशी. निकष मोडणारा एक दोष जरी शिल्लक असला, तरी सहसा तारीख पुढे जाते. फेडोराची १८ वी आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये यायची होती. आली १५ जानेवारी २०१३ ला. २०२२ मध्ये ओपनएसएसएलमध्ये गंभीर दोष असल्याची पूर्वसूचना मिळाली, तेव्हा फेडोरा ३७ अडवून ठेवली आणि दुरुस्तीसह १५ नोव्हेंबरला सोडली. उशीर झाल्याने कोणाचं काही जळालं नाही.

निकष आधी लिहायचे ते याचसाठी. शेवटच्या दिवशी सगळे थकलेले असतात, ज्याने तीन महिने कोड लिहिला त्याला तो बाहेर आलेला पाहायचा असतो, आणि ‘नाही’ म्हणणारा माणूस वाईट ठरतो. कागदावर आधीच लिहिलेलं असेल तर ‘नाही’ त्या कागदाचं होतं, माणसांत कडवटपणा येत नाही. काय लिहायचं? फाइल नष्ट होत असेल, लिहिलेलं बदलून जतन होत असेल, ॲप उघडतच नसेल, कोणाची खासगी माहिती बाहेर पडत असेल, तर थांबायचं. बटणावरचं मराठी भाषांतर लांब होऊन कापलं जात असेल, तर नोंद करायची, पुढच्या आवृत्तीत घ्यायचं आणि आवृत्ती सोडायची. मराठीच्या प्रेमापोटी आपण प्रत्येक तक्रार ‘अतिगंभीर’ म्हणून टाकली, तर खरोखरच गंभीर असलेली तक्रार त्यात बुडते. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होऊन जतन होत असेल तर ते गंभीर आहे, कारण मजकूरच बदलला. फक्त एका फॉन्टमध्ये ते वाईट दिसत असेल, तर ती बहुधा त्या फॉन्टच्या कर्त्यांकडे न्यायची गोष्ट आहे.

स्वयंसेवकांचा वेळ जपा. विरार लोकलमधून रात्री नऊला उतरलेल्या माणसाकडून चार तास मागू नका. आठवड्यातून एक तास मागा आणि त्या तासात काय करायचं ते त्याच्या हातात तयार द्या. गणपती, दिवाळी, बारावी-दहावीच्या परीक्षा पाहून आपल्या प्रकल्पाची तारीख ठरवा. कोणी काही नोंदवलं तर दोन दिवसांत उत्तर द्या, मग ते ‘मिळालं, पुढच्या आठवड्यात बघतो’ इतकंच का असेना. उत्तर न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा फार करून येत नाही. आणि आवृत्तीच्या टिपणात कोड लिहिणाऱ्यांच्या शेजारी, त्यांना विचारून, तपासणाऱ्यांचीही नावं द्या.

काळजीच्याही काही गोष्टी आहेत. बीटा आवृत्तीत सोसायटीचे खरे हिशेब उघडू नका. प्रत काढा आणि त्या प्रतीवर खेळा. लिब्रेऑफिसची बीटा आवृत्ती नेहमीच्या आवृत्तीशेजारी वेगळी बसवता येते, तिच्यासाठी जुनी काढायची गरज नसते. तक्रारीला जोडलेली फाइल जगाला दिसते. तिच्यात सभासदांची नावं, फोन, आधार क्रमांक, मुलांचे दाखले कधीही जोडू नका. खोटी नावं घालून तोच दोष दिसेल अशी छोटी फाइल बनवा. आणि चोराला उपयोगी पडेल असा सुरक्षेचा दोष हाती लागला, तर तो उघड्यावर न लिहिता प्रकल्पाने त्यासाठी दिलेल्या खासगी पत्त्यावर कळवा.

कोणी म्हणेल, एवढं करून आम्हाला काय? सांगतो. रेड हॅटने २००४ साली खुले केलेले लोहित फॉन्ट, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ फॉन्ट, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी पाठ, हे सगळं आपल्याला पैसे न देता मिळालं. ते टिकतं ते पुढच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर कोणीतरी पुन्हा तपासतं म्हणून. हे काम एकदा करून संपत नाही. आणि मराठी वाचणाऱ्यांनी ते केलं नाही, तर दुसरं कोणी ते करूच शकत नाही.

सुरुवात लहान करा. ऑगस्टच्या लिब्रेऑफिसची चाचणी जूनच्या सुमारास खुली होते, फेब्रुवारीची नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. त्यातला एक रविवार धरा. वाचनालयात, सोसायटीच्या हॉलमध्ये, कोणाच्या तरी घरी, दोन लॅपटॉप आणि एक प्रिंटर असेल तिथे जमा. एक खरीखुरी दिसणारी पण खोट्या नावांची सभेची नोटीस तयार करा, वीस नावांची यादी करा, आणि वर लिहिलेल्या गोष्टी त्यांच्यावर करून पाहा. नवा दोष सापडला नाही तर हिरमुसू नका. बगझिला या लिब्रेऑफिसच्या तक्रार-नोंदणीच्या जागेवर दुसऱ्यांनी नोंदवलेल्या, पण अजून कोणीही दुजोरा न दिलेल्या तक्रारी पडून असतात. त्यांतल्या देवनागरीच्या निवडा, आपल्या मशिनवर तशाच करून पाहा, आणि तुमच्याकडे होतं की नाही, कोणत्या आवृत्तीत, एवढ्या दोन ओळी खाली लिहा. पहिल्या रविवारसाठी इतकं काम भरपूर आहे.